मालदीवचा सुरती पाठीराखा

मास्तरांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज नको. गोल झाला हे त्यांना आजूबाजूची माणसं ओरडली की समजायचं. ऑफसाइड हा पंचांच्या स्वभावाचा भाग आहे, अशी त्यांची समजूत होती. आणि तरीही आपल्या शेजारपाजारच्या देशांची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली, की सुरतेतल्या बमरोलीच्या त्या अख्ख्या पट्ट्यात, जिथं क्रिकेटच्या चेंडूशिवाय दुसऱ्या चेंडूला कुणी ओळख देत नाही, तिथं हा एक माणूस पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अंगात आल्यासारखा वागायचा. भारताचा सामना असो वा नसो. खरं म्हणजे नसला तर बरं, असं त्यांचं मत. कारण मास्तर मालदीवचे होते.

म्हणजे मूळचे अमळनेरकडचे. पण पाठिंबा मालदीवला.

आमची मिल कापड रंगवण्याची. कोरं पॉलिएस्टर आत जातं, रंगीत होऊन बाहेर पडतं. कुठल्या रंगाचं व्हायचं ते व्यापारी ठरवतो, पण तसं झालं की नाही हे ठरवणारा माणूस एकच, तो कलर मास्तर. व्यापारी बोटभर चिंधी पाठवतो. मास्तर तिच्याकडं बघतात, पिवळा किती, लाल किती, निळा किती ते सांगतात, आणि मी ते वहीत उतरवून घेतो. वीस वर्षं मी तेच केलं. त्या वीस वर्षांत मास्तरांचा एकही लॉट व्यापाऱ्यानं परत पाठवला नव्हता. हे वाक्य ते स्वतः कधीच म्हणायचे नाहीत. फक्त समोरचा ते म्हणेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

रंग बघायची त्यांची वेळ सकाळी दहा ते साडेअकरा आणि जागा उत्तरेची खिडकी. ट्यूबलाइटखाली रंग बघणं म्हणजे लग्नाच्या फोटोवरून सून पसंत करणं, असं ते म्हणायचे. साडेअकरापर्यंत रंगीत काही खायचं नाही हा दुसरा नेम. सुरतेत राहून सकाळी लोच्याला नाही म्हणणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. लोचो म्हणजे चण्याच्या डाळीचा वाफवलेला नाश्ता, तो पिवळा असतो, आणि पिवळा डोळ्यांत तासभर रेंगाळतो. जिलबीचं तर नावच काढायचं नाही. साडेअकराला मात्र ते खिडकी बंद करायचे आणि राहिलेला दिवस भरून काढायचे.

माणसांनाही ते चिंधीसारखंच बघायचे. सकाळी दारातच मला थांबवून म्हणायचे, "आज अर्धा टक्का उतरलास रे. घरी भांडण?" राग याचा यायचा, की भांडण झालेलंच असायचं. लिंबायतला आमच्या एका सहकाऱ्याच्या भावाचं लग्न होतं. हातात अक्षता, मंगलाष्टकं चाललेली, आणि मास्तर पुढं होऊन अंतरपाटाचं टोक बोटांत चोळत उभे. भटजी थांबले. मास्तर शांतपणे म्हणाले, "चालू द्या तुमचं. पहिल्या धुण्यात जाईल, एवढंच सांगायचं होतं." नवरीच्या मामांनी याचा वेगळाच अर्थ घेतला आणि त्यांना समजवायला आम्हाला अर्धा तास लागला.

आता मालदीवचं. फार वर्षांपूर्वी मिलमध्ये लाल कापडाची एक मोठी ऑर्डर आली होती. खेळाच्या कपड्याला लागतं तसं जाळीदार पॉलिएस्टर. मास्तरांनी तो लाल असा काही जमवला, की व्यापारी स्वतः लॅबमध्ये आला आणि खुशीत म्हणून गेला, "मास्तर, हे कापड कुठं चाललंय माहीत आहे? मालदीवला. त्यांच्या फुटबॉल टीमसाठी." व्यापारी गेला आणि विसरला. मास्तर विसरले नाहीत. खरं सांगायचं तर पाठवणीचा कागद मी पाहिला होता. त्यावर उल्हासनगरचा पत्ता होता, आणि उल्हासनगरच्या संघानं अजून तरी त्या स्पर्धेत पाऊल ठेवलेलं नाही. पण एवढ्या मोठ्या माणसाच्या आनंदात उल्हासनगर आणून घालणारा मी कोण?

मी एकदा विचारलं होतं, "मास्तर, मालदीव नेमकं आहे कुठं?"

"पाण्यात," ते म्हणाले. "म्हणून तर पक्का रंग लागतो."

सामने आम्ही मिलजवळच्या चहाच्या दुकानात बघायचो. मोबाईलवर बघायला ते तयार नसत, मोबाईल सगळ्यांनाच पावडर लावून दाखवतो म्हणून. दुकानातल्या टीव्हीवरही त्यांचा विश्वास नव्हता. सामना सुरू व्हायच्या आधी ते रिमोट ताब्यात घ्यायचे, खिशातली लाल चिंधी पडद्याला लावायचे आणि मालदीवच्या खेळाडूचा शर्ट चिंधीशी जुळेपर्यंत टीव्हीचे रंग फिरवत बसायचे. जुळले, की समाधानानं मागं टेकायचे. तोवर मैदान मेंदीच्या रंगाचं झालेलं असायचं आणि पंच बीट खाल्ल्यासारखा दिसायचा. दुकानदार म्हणायचा, "मास्तर, माणसं आजारी दिसतायत." मास्तर म्हणायचे, "माणसं कुठं बघतोस? माल बघ."

त्यांचं भाकीतही मालावरच चालायचं. घामानं भिजल्यावर जो रंग गडद होतो पण मळत नाही, तो जिंकणार. आश्चर्य म्हणजे निम्म्या वेळा हे खरं ठरायचं. एकदा मालदीवच्या एका खेळाडूला लाल कार्ड दाखवलं. दुकानातल्या कुणीतरी हळहळून मास्तरांकडं पाहिलं, तर मास्तर खुर्चीतून अर्धे उठलेले, चेहरा उजळलेला. "बघ, बघ. कार्डाचा लाल आणि शर्टाचा लाल शेजारी शेजारी धरले त्यानं. शर्ट सरस आहे." तो खेळाडू मान खाली घालून बाहेर चालला होता आणि मास्तर टाळ्या वाजवत होते.

एका वर्षी मालदीवची गाठ नेपाळशी पडली. दोघेही लालवाले, म्हणून त्या दिवशी मालदीवला पांढरे शर्ट घालावे लागले. मास्तरांनी पूर्वार्धभर नेपाळला जोरदार पाठिंबा दिला. मध्यंतरात मी त्यांना बाजूला घेऊन परिस्थिती सांगितली. ते म्हणाले, "कोरं कापड घालून खेळायला लावलं पोरांना." उत्तरार्ध त्यांनी पाठ फिरवून पाहिला.

हे सगळं आनंदात चाललं असतं. पण शेठचा पुतण्या शिकून आला आणि येताना रंग मोजायचं यंत्र घेऊन आला. चिंधी त्याच्या तोंडाशी धरली, की ते तिन्ही रंगांची मापं पडद्यावर दाखवायचं. रंगलेलं कापड धरलं, की पास किंवा नापास सांगायचं. पुतण्या मुलगा सज्जन होता. मास्तरांना काका म्हणायचा, त्यांच्या आधी खुर्चीत बसायचा नाही. पण यंत्राला ना खिडकी लागत होती ना दहाची वेळ, आणि ते लोचो खाणाऱ्या माणसाच्या हातूनही चालत होतं. त्यामुळं प्रश्न उभा राहिला. शेठ जुने, मास्तरांच्याच वयाचे. त्यांनी हसत हसत निवाडा दिला, "बेउ चालवा दो, दोन्ही चालू देत. ज्याचा लॉट पहिला परत येईल, तो घरी."

पुतण्या हसला. मी हसलो. मास्तरांनी खिडकी पुसायला घेतली.

त्याच वर्षी स्पर्धा आली आणि उपांत्य सामन्यात भारत आणि बांगलादेश समोरासमोर आले. चहाच्या दुकानात पहिल्यांदाच गर्दी. मास्तर मात्र अलिप्त, कारण मालदीव आदल्याच दिवशी अंतिम फेरीत पोचलं होतं आणि यांच्यातला कोण हरायला येतो एवढंच त्यांना बघायचं होतं. खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. मास्तर डोळे बारीक करून म्हणाले, "हे दोन्ही संघ एकाच भांड्यात रंगवलेत का रे?"

दुकान हसलं. आमच्या मशीनवरच्या ऑपरेटरला चहाचा ठसका लागला. "मास्तर, बांगलादेश हिरवा आहे. आपण निळे."

"ते मला सांगतोस?" मास्तर म्हणाले, आणि लोक आणखी हसले. मास्तरांची एवढी वर्षांची पुण्याई ही, की त्यांनी घर जळतंय असं सांगितलं असतं, तरी लोकांनी ज्वाळांचा रंग विचारला असता.

मी हसलो नाही. त्याच सकाळी त्यांनी एका फिरोजी चिंधीची मापं दोनदा सांगितली होती आणि दोन्ही वेळा वेगळी. मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी खिडकीत दोन चिंध्या ठेवल्या. एक फिरोजी, एक मोरपंखी. "मास्तर, यातली कालची कुठली हो?"

त्यांनी दोन्ही उचलल्या. खाली ठेवल्या. पुन्हा उचलल्या. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "माले तपासस?"

मास्तर चिडले किंवा फार एकटे पडले, की अहिराणीत जायचे. ते म्हणाले, "निळा मनासंगे बोलत नई आते." आणि मला समजलं नसावं असं वाटून पुन्हा मराठीत, "होळीपासून. आधी कुजबुजला तरी ऐकू यायचं. आता बोलतच नाही."

"मोतीबिंदू असेल. पाच मिनिटांचं ऑपरेशन आहे, मास्तर."

"पाच मिनिटांचं ऑपरेशन आणि पंधरा दिवस घरी. पंधरा दिवसांत खिडकी जाईल. लोक काय म्हणतील? मास्तराचे डोळे गेले. डोळे गेलेल्या मास्तरात काय उरतं? नुसता म्हातारा. त्याला अमळनेरची गाडी दाखवतात." त्यांनी चिंध्या माझ्या हातात दिल्या. "कुणाला सांगशील?"

"नाही."

"मग यातली कालची कुठली ते सांग."

अशा रीतीनं मी कटात सामील झालो. वीस वर्षं त्या माणसाशेजारी उभा राहिल्यावर दगडालाही रंग कळायला लागतो, त्या हिशेबानं मलाही थोडा कळायला लागला होता. आम्ही एक पद्धत ठरवली. मी एकदा खोकलो, तर निळा वाढवायचा. दोनदा खोकलो, तर पिवळा कमी करायचा. नुसता घसा खाकरला, तर थांबायचं. मास्तर खिडकीत हात उंचावून उभे राहायचे, थोर गवयासारखे डोळे मिटायचे, आणि मी मागं खोकत बसायचो. मापं चोख निघायची. यंत्र प्रत्येक वेळी पास म्हणायचं. पुतण्या चकित व्हायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासाठी खोकल्याच्या औषधाची बाटली आणली आणि दिवसातून तीनदा घ्यायला बजावलं.

भारत अंतिम फेरीत पोचल्याबरोबर शहराला फुटबॉल सापडला होता. कडोदऱ्याच्या एका टी-शर्टवाल्या व्यापाऱ्याला भारताच्या निळ्याचं कापड हवं होतं, तेही दुसऱ्या दिवशी. त्याचा माणूस सकाळीच चिंधी घेऊन आला. निम्मं कोरं कापड मिलमध्ये होतं. निम्मं कडोदऱ्याच्या एका लूमवाल्याकडून उचलायचं होतं. शेठनी मला टेम्पोत बसवलं, "नीट बघून आण, डाग नको." मी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी मान हलवली, म्हणजे तू येईपर्यंत थांबतो.

हायवेवर दोन ट्रक अडकले होते. आम्ही परतलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि मशीनमधून निम्मा माल बाहेर पडत होता.

मास्तर थांबले होते. बारापर्यंत थांबले, एकपर्यंत थांबले. पण शेजारी घड्याळ घेऊन उभा असलेला पुतण्या काकुळतीला आला, "काका, यंत्रावरून मापं काढू का? व्यापारी फोनवर आहे." आणि मास्तरांनी त्याला हातानं बाजूला सारून मापं सांगितली. खोकल्याशिवाय.

मी मालाकडं पाहिलं. निळा नव्हता तो. हिरवाही नव्हता. तापीचं पाणी थांबलं, की कडेला जो रंग धरतं, तो होता. पुतण्यानं तुकडा यंत्राला लावला. यंत्रानं नापास सांगितलं. पुतण्यानं शेठना बोलावलं, आणि शेठ आले.

हे दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. उत्तरेची खिडकी. तिच्यात दोन म्हातारे, एकाच वर्षी जन्मलेले. एकाच्या हातात व्यापाऱ्याची चिंधी, दुसऱ्याच्या हातात आमचा माल. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा दुपारी चार वाजता रंग बघितला. दोघांनी कापड उजेडाकडं धरलं, तिरकं केलं, लांब नेलं, जवळ आणलं. मी एकदा खोकलो. दोनदा खोकलो. घसा खाकरला. शेठ मागं न वळता म्हणाले, "आने कोई दवा आपो."

मग ते मास्तरांकडं वळले. "बराबर छे."

"बराबर आहे," मास्तर म्हणाले.

"पण काका, मशीन फेल बतावे छे," पुतण्या शेठना म्हणाला.

शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मशीन हजी नवुं छे, बेटा. एने शीखवा दे."

मी तोंड उघडू शकलो असतो. उघडलं असतं तर एका झटक्यात दोन म्हातारे आंधळे ठरले असते, आणि त्यातला एक माझा पगार देत होता. उरलेला निम्मा मालही त्याच मापानं रंगला. दुसऱ्या दिवशी तो कडोदऱ्याला गेला, आणि मी त्याच्या परत येण्याची वाट बघत बसलो.

अंतिम सामना रविवारी संध्याकाळी होता. कोसाडच्या वसाहतीतल्या मोकळ्या मैदानात मोठा पडदा लावला होता. मास्तर लाल शर्ट घालून आले, आणि त्या गर्दीत मालदीवच्या बाजूनं ते एकटे. बाकी सगळं मैदान आमच्या कापडात. पुढच्या रांगेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत तेच ते शेवाळलेलं पाणी, त्यावर छातीवर भारत लिहिलेलं. एक बाई आपल्या नवऱ्याला विचारत होती, "आज आपण कोणाकडून आहोत?" नवरा म्हणाला, "भारताकडून." ती म्हणाली, "मग हे हिरवं का आणलंस?" तो म्हणाला, "यंदा असंच आहे."

मला वाटलं, मास्तरांनी ऐकलं. त्यांनी ऐकलं नव्हतं. ते एकदा पडद्याकडं, एकदा गर्दीकडं बघत होते, आणि पडद्यावर भारताचा खरा निळा पळत होता, लखलखीत. ते माझ्याकडं झुकले. "पब्लिकचा निळा आणि पडद्यावरचा निळा, आहे का काही फरक?"

"अजिबात नाही, मास्तर."

"मैदानात आपला लाल. मैदानाबाहेर आपला निळा. कोणीही जिंकू दे, माल आपलाच."

मालदीव एका गोलनं हरलं. लोक नाचू लागले. मास्तर मधोमध लाल शर्टात उभे, इतके प्रसन्न, की दोघातिघांनी त्यांना भारताचेच समजून मिठी मारली.

लॉट परत आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मी श्वास सोडला. तेवढ्यात शेठना त्यांच्या मुलीनं डॉक्टरकडं नेलं आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन एकामागोमाग एक झालं. परत आल्यावर शेठनी आपल्या केबिनचे पडदे काढून टाकायला लावले. हे इतकी वर्षं असेच होते का, असं चौघांना विचारलं. मग ते मिलमध्ये फेरी मारायला निघाले. आमचा ऑपरेटर सामन्याचा टी-शर्ट घालून काम करत होता. शेठ त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. लॅबमध्ये आले, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तमे पण डॉक्टरने बतावी आवो. खर्च माझा. खिडकीला कोणी हात लावणार नाही."

मास्तर महिनाभर नव्हते. त्या महिन्यात यंत्रानं काम केलं आणि मी खोकलो नाही.

ते आले ती सकाळ मला लख्ख आठवते. काळा चष्मा फाटकातच काढला. दारावरच्या निळ्या पाटीपाशी थांबले, ती वाचत होते असं रखवालदाराला वाटलं. पाटीवर काही लिहिलेलंच नव्हतं. पुढं मशीनपाशी आले, आणि ऑपरेटर समोर आला.

"हाई काय शे?" मास्तरांनी त्याच्या छातीकडं बोट करून विचारलं.

"टी-शर्ट, मास्तर."

"कोनी पास करं हाई?"

ऑपरेटरनं माझ्याकडं पाहिलं. मी यंत्राकडं पाहिलं. मास्तरांनी मला विचारलं, आता मराठीत, "कुणी पास केला?"

"तुम्ही," मी म्हणालो.

त्यांनी ऑपरेटरला तो शर्ट उतरवायला लावला. बिचारा बनियनवर उभा राहिला. शर्ट दोन्ही हातांत धरून मास्तर थेट शेठच्या केबिनमध्ये गेले आणि टेबलावर ठेवला. मी मागोमाग होतोच.

"लॉट परत आलाय, शेठ."

शेठनी शर्टाकडं पाहिलंच नाही. "एक शर्ट म्हणजे लॉट नाही. व्यापाऱ्यानं काही पाठवलेलं नाही."

"मी पाठवतोय. वहीत लिहायला सांगा. माझ्या नावावर नापास लिहा, आणि तुम्ही ठरवलं होतं तसं मी घरी जातो."

"व्यापाऱ्याची तक्रार नाही. वहीत कशाचं लिहू?" शेठ कागद चाळू लागले. "आणि मास्तर, तो मीही पास केला होता."

मास्तर उभे राहिले. शेठनी मान वर केली नाही. वहीत लिहायचं म्हणजे खिडकीतल्या दोघांचंही लिहावं लागलं असतं, हे तिघांनाही कळत होतं. शर्ट उचलून मास्तर बाहेर आले. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. खिडकीत उभे राहून मापं सांगायचे, बिनचूक, पण ती भिंतीला सांगितल्यासारखी.

चौथ्या दिवशी कडोदऱ्याहून फोन आला. पुतण्यानं घेतला, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सामन्याचा माल हातोहात गेला होता. नवरात्रीसाठी पोरांना तोच रंग हवा होता, कुठल्याच दुकानात तसा मिळत नव्हता. दुप्पट ऑर्डर. फक्त रंग तोच हवा. अगदी तोच.

शेठ म्हणाले, "मास्तरचा रंग आहे. मास्तर जमवतील."

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी दहाला सुरुवात केली. जुनी मापं वहीत होती, पण त्या दिवशीचं कापड वेगळं होतं, रंगाचा डबाही संपून दुसरा आला होता. जसंच्या तसं उतरेना. ते मापं बदलत गेले. पिवळा टाकायचे, हात अडखळायचा. काढून बघायचे तर सुंदर निळा. पुन्हा करायचे, आणखी सुंदर निळा. दोन दिवसांत त्यांनी मी पाहिलेले सगळ्यात देखणे निळे काढले, आणि एकही कामाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला म्हणाले, "तू खोक ना जरा."

मी खोकलो. पण मलाही चुकायचं कसं ते येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साडेअकरा वाजता मास्तरांनी स्वतः तो शर्ट पुतण्याच्या हातात दिला. पुतण्यानं संकोचानं यंत्राला लावला. पडद्यावर मापं आली. तासाभरात तुकडा रंगून तयार. शेठनाही बोलावलं. मास्तरांनी तुकडा आणि शर्ट खिडकीत शेजारी शेजारी धरले. या वेळी दोघांनाही स्वच्छ दिसत होतं.

"तंतोतंत," मास्तर म्हणाले. "शिकलं यंत्र."

पुतण्यानं विचारलं, "काका, साठवून ठेवायला नाव द्यावं लागतं. आ शेडनुं नाम शुं राखीए?"

"लिही," मास्तर म्हणाले. "नापास निळा."

पुतण्याची बोटं थांबली. त्यानं शेठकडं पाहिलं. शेठ खिडकीबाहेर बघत राहिले, इतका वेळ, की मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मग हळूच म्हणाले, "लखो."

तो रंग अजून चालतो. दर हंगामाला कडोदऱ्याहून मागणी येते, आणि नापास निळा पाठवा म्हणताना व्यापाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मास्तर पुढं बरीच वर्षं खिडकीत होते, यंत्रही शेजारी होतं, आणि दोघांचं बरं चाललं होतं. निघालेल्या प्रत्येक मालाच्या चिठ्ठीवर मास्तरांची सही लागायची. नापास निळ्याची चिठ्ठी आली, की मी तुकडा पुढं करायचो आणि ते पेन उघडायचे. सही करायचे. तुकड्याकडं मात्र बघायचे नाहीत.